बाथरूमची कडी

मंडळी, मी कुलपं, कड्या, लॅच बसवायचं काम करतो. आज मुलुंडला एका ताईंकडे गेलो होतो. काल त्यांचे बाबा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांनी धक्के मारून आतली कडी उखडली, तेव्हा कुठे बाहेर काढता आलं.

ताई म्हणाल्या, "नवी कडी नको. नुसतं दार नीट लागू दे."

बाबा खुर्चीतून म्हणाले, "कडी नाही तर मी अंघोळ करणार नाही."

माझ्या पिशवीत एक कडी होती. ती आतून बंद होते, पण बाहेर खाच असते. त्या खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडते. ताई हळूच म्हणाल्या, "हीच लावा. पण खाचेचं बाबांना सांगू नका."

कडी बसवली, दहा वेळा उघडून पाहिली. बाबांनी विचारलं, "काय रे, बाहेरून उघडत नाही ना?"

मला खोटं बोलवेना. "उघडते, आजोबा. नाणं घालून."

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. बाबांनी खाचेवरून बोट फिरवलं. मग लेकीला म्हणाले, "आधी दार वाजवशील?"

"तीनदा वाजवेन, बाबा."

"आणि मी ओ दिली तर उघडायचं नाही."

"नाही उघडणार."

ते टॉवेल घेऊन आत गेले. कडी लागली. ताईंनी लगेच दार वाजवलं.

"अगं, आत्ताच आलोय ना," आतून आवाज आला.

ताईंनी सांगू नका म्हटलं होतं, तरी मी बोललो, ते अजून डोक्यात घोळतंय. तुम्ही सांगितलं असतं का?