तुळशीमागची मोरी

तुळस, मोरी आणि मोरीत कपडे धुवत बसलेली माझी धाकटी जाऊ, सगळं एका आवाजात खाली गेलं. माझा एक पाय उंबरठ्याच्या आत होता, दुसऱ्याखाली काहीच नव्हतं. मी दाराची चौकट धरली. गॅलरी होती तिथे नुसती धूळ.

लालबागच्या चाळीत आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाची. न्हाणीघर दुसऱ्या टोकाला. गुडघे गेल्यावर मी गॅलरीच्या कोपऱ्यात मोरी बांधून घेतली, वर पाण्याची टाकी. परवानगी घेतली नाही. गवंडी म्हणाला, "आजी, मोरीच्या तोंडाशी तुळशीवृंदावन बांधा. पालिकेचा माणूस तुळशीवर घण घालत नाही." मला पटलं. पक्क्या विटांचं बांधलं, बाहेरून देवाच्या लाद्या लावल्या. दर वर्षी तुळशीचं लग्नही लावलं.

पहिली नोटीस घेऊन पालिकेचा माणूस आला. माझ्या मुलाच्या वयाचा. मी कागद घेतला नाही.

"मावशी, खालचं लोखंड गंजलंय. एवढं वजन गॅलरीला झेपणार नाही."

"मग तोड तूच तुळस. पाप घे डोक्यावर."

तो हसला. "तुळस माझ्या घरी पण आहे, मावशी. कुंडीत आहे."

जाताना त्याने नोटीस दारावर चिकटवली. मी चौथी शिकले आहे, वाचता येतं. बांधकाम धोकादायक आहे, काढून टाका, नाहीतर खटला होईल, असं लिहिलं होतं. सगळं वाचलं आणि मग पाणी मारून उलथन्याने खरवडून काढली. दुसरीचंही तेच केलं.

जाऊ मालवणची. नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहायची. ती म्हणाली, "वयनी, काढून टाक गो ता. लोखंड कुजलाहा, माका दिसता."

"तू गप. गुडघे तुझे दुखतात की माझे?"

तिसऱ्या वेळी तो खटल्याआधीची शेवटची नोटीस घेऊन आला. सकाळचे अकरा वाजले असतील. समोर तुळस म्हणून त्याने जिन्यापाशी चपला काढल्या आणि अनवाणी गॅलरीत आला. फोटो काढायला वाकला आणि तसाच थांबला. कठड्याखाली त्याला काहीतरी दिसलं असावं.

"ताई, तुम्ही आधी बाहेर या," तो जावेला म्हणाला.

ती उठली होती. हात फेसाने भरलेले, पदर खोचलेला. मी दारातून म्हणाले, "बस गो, धुवून घे. हा काय आजच्या आज तोडत नाही."

ती परत बसली. माझं कधी मोडलं नाही तिने. आणि आवाज झाला.

महापालिकेने माझ्यावर खटला भरला. वकील म्हणाला, "आजी, जजसाहेबांना सांगा, मी अडाणी, नोटिशीतलं मला काही कळलं नाही." गॅलरीबरोबर खाली गेलेला पालिकेचा तो माणूस कुबडीवर साक्षीला आला. नोटिशी कधी लावल्या ते त्याने सांगितलं. मी जावेला बस म्हणाले, ते त्याने सांगितलं नाही. त्याने ऐकलं नव्हतं की मुद्दाम सोडलं, मला माहीत नाही. मी त्याच्या पायांकडे बघत होते. त्याच्या चपला त्या दिवशी जिन्यापाशीच राहिल्या होत्या, शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी उचलल्या.

साहेबांनी विचारलं, "नोटीस वाचली होती?"

"वाचली होती," मी म्हणाले. "दोन्ही. आणि ती उठली होती, मी तिला बसवली."

वकिलाने कपाळावर हात मारला. साहेब लिहायला लागले.

त्या सकाळी गॅलरीवर आम्ही तिघं होतो. वाचलो दोघं. नोटीस घेऊन आलेला तो माणूस, आणि मी.