तीन पाण्यांचं चॉकलेट

कडू कारांदे कसे खायचे ते माझ्या आईला विचारावं. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायचे, पाणी फेकायचं, पुन्हा उकडायचे. तिसऱ्या पाण्याला कंदातला कडूपणा जातो आणि विषही जातं, असं तिचं म्हणणं. जगातलं कुठलंही वाईट उकळत्या पाण्यात उतरतं आणि माडाच्या मुळाशी ओतून देता येतं, यावर तिची श्रद्धा होती. चॉकलेटच्या वाटेला ती गेली ती त्याच श्रद्धेपायी.

अठ्ठ्याण्णव साली माझी धाकटी बहीण सोळा वर्षांची होती. लहानपणी तिला सांधे धरून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप बिघडली. चार पायऱ्या चढली की छातीत धडधड सुरू. मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशनसाठी नाव घातलं होतं. तोवर रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, चहा, कॉफी, चॉकलेट जरा जपून, त्यात कॅफीन असतं. आमच्या घरात अर्धं पथ्य कुणी पाळत नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळंच बंद झालं. चहाचं तिला काही वाटलं नाही. चॉकलेटसाठी मात्र ती वेडी होती, आणि मस्कतचा मामा दर मे महिन्यात पिशवी भरून घेऊन यायचा.

त्या वर्षी तो आला तेव्हा तिनं काही मागितलं नाही. आम्ही खाल्लेल्या चॉकलेटचे सोनेरी कागद तेवढे उचलायची, नखानं सपाट करायची आणि हुंगायची. आईला ते बघवेना. एका दुपारी तिनं दोन पाकिटं पातेल्यात रिकामी केली आणि वरून आधण ओतलं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, रसायनशास्त्र घेऊन अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. कॅफीन गरम पाण्यात विरघळतं एवढं वाचलं होतं. तेव्हा मीही मान डोलावली. पातेलं निवलं की वर चॉकलेटमधलं तूप धरायचं, तळाला गाळ बसायचा आणि मध्ये तपकिरी पाणी राहायचं. ते पाणी ओतून द्यायचं, पुन्हा आधण घालायचं. असं तीनदा.

"बघ गो, कसलं काळं पाणी सुटतंय! हे सगळं तिच्या छातीत गेलं असतं."

जात होती ती मुख्यतः साखर आणि चव. उरलेल्या तुपात आणि गाळात आईनं पिठीसाखर आणि दुधाची पावडर मळली. वडील मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कारकून होते. त्यांनी गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी आणली, तिच्यावर थाळा ठेवून वड्या पाडल्या. मेणबत्तीसारख्या लागत होत्या. गोणपाटाचा मासळीचा वासही थोडा लागला होता.

"गेलं ना गो सगळं?" आईनं मला विचारलं.

"गेलं," मी म्हणाले. कशावरून म्हणाले, देव जाणे. मी ते मोजलं नव्हतं आणि कॉलेजात कुणाला विचारलंही नव्हतं.

बहिणीनं दोन वड्या खाल्ल्या. "मस्त झाल्यात गो आई," म्हणाली. पुढची दोन वर्षं मामा आला की हा घाट घातला जायचा आणि ती दर वेळी तसंच म्हणायची. दुसऱ्या वर्षी तिनं मला मागल्या दारी गाठलं. माझ्या तोंडाला चॉकलेटचा वास येत होता.

"ताई, खऱ्यातला एक तुकडा दे ना. नखाएवढा."

"जीव वर आलाय का तुझा?" मी खेकसले. तिनं पुन्हा कधी मागितलं नाही. तिच्यावर मी अशीच खेकसायचे. आजारी माणसाची काळजी करता करता त्याच्यावर रागही धरतो आपण.

मुंबईला नंबर लागायच्या आधीच ती गेली. सकाळी वेणी घालत होती, कंगवा हातातून पडला. इस्पितळात नेईपर्यंत संपलं होतं.

तेरावं झालं तरी आई एकच बोलत राहिली. शेवटच्या खेपेला पाहुणे आले होते म्हणून तिनं वड्या दोनच पाण्यांवर काढल्या होत्या. तिसरं पाणी राहिलं, तेच पोरीला भोवलं. ती जेवेना. शेवटी मी डॉक्टरांना विचारायला गेले.

"छे गं! झडपच निकामी झाली होती," ते म्हणाले. "चॉकलेटचा काय संबंध? अधूनमधून एखादा तुकडा, अगदी साधा, बाजारातला, खाल्ला असता तरी काही बिघडलं नसतं. जपून म्हटलं होतं मी."

मी जवळजवळ पळतच घरी आले. आईच्या मनावरचा धोंडा उतरेल म्हणून शब्द न् शब्द सांगितला. ती तांदूळ निवडत होती. तिनं आधी देवाला हात जोडले. मग सूप खाली ठेवलं.

"नुसतं दिलं असतं तरी चाललं असतं, असं सांगितलनी?"

"हो."

"मग तू का नाही दिलंस? मागल्या दारी मागत होती तेव्हा मी आतच होते. उठलेच होते द्यायला. तू नको म्हटलंस. मला वाटलं, ही शिकलेली, हिला ठाऊक असेल."

मला काहीच ठाऊक नव्हतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.