आठवीचा विज्ञानाचा तास

ज्योत्स्ना अवसरी बुद्रुकची. वडलांनी घरातले देव काढून बुद्धाची तसबीर लावली होती. वस्तीतली पहिली बी.एस्सी. तीच. मंचरच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची, आणि तिच्या लेखी तो नुसता विषय नव्हता, घराण्याची कमाई होती.

सत्त्याण्णव साली शाळेत हर्षा आली. पेठेतल्या झुंबरलाल शेठजींची सून, तीही बी.एस्सी. पण घरचं जैन वळण कडक. कांदा-बटाटा खायची नाही, दिवस मावळला की पाण्याचा थेंबही घ्यायची नाही. आठवीचं विज्ञान तिच्याकडे गेलं आणि बघता बघता पोरी तिच्याच मागेपुढे दिसायला लागल्या. मधल्या सुट्टीत घोळका तिच्याभोवती. ज्योत्स्नाला डबा गोड लागेना.

"जिला बटाट्यात पाप दिसतं, ती काय विज्ञान शिकवणार?" ती घरी म्हणायची. नवरा नुसता हूं म्हणायचा.

हिवाळ्यात आठवीची सहल घाटघरला गेली. मुक्काम तिथल्याच शाळेत. सहलप्रमुख ज्योत्स्ना होती, सोबतीला हर्षा. गावातल्या कोंडाबाईने पिठलं-भाकरी करून ठेवली आणि सांगायला आली.

"बाई, पोरींना जेवून घिऊ द्या. दिस कलला."

हर्षा सूर्याकडे बघत होती. ज्योत्स्नाने ते पाहिलं.

"आधी नाणेघाट बघू," ती म्हणाली. "जेवण कुठं पळतंय?"

परत आले तेव्हा अंधारलं होतं. पंगत बसली, हर्षा बाजूला भिंतीला टेकून बसली.

"काय हो मॅडम," ज्योत्स्नाने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सूर्य बुडाला की भाकरीत विष उतरतं का?"

पोरी हसल्या. वैष्णवी नावाची एक तर पार ठसका लागेस्तोवर.

"मी कुणाला काही म्हटलं का, ज्योत्स्नाताई?" हर्षा शांतपणे म्हणाली. "माझं मी पाळते."

ज्योत्स्ना त्या रात्री जरा जास्तच जेवली.

सकाळी पोहे झाले. नेमाप्रमाणे उजाडल्यावरही दोन घटका हर्षा काही खायची नाही. वैष्णवी आपली ताटली घेऊन तिच्याजवळ जाऊन बसली आणि खाईना. मग दुसरी गेली, तिसरी गेली. हर्षा "खा गं, गार होतील" म्हणत राहिली, पण एक पोरगी ऐकेना. पंगतीत ज्योत्स्ना एकटी उरली. तिने ताटली तशीच सरकवली.

सोमवारी ती हेडमास्तरांकडे गेली. "पोरींना उपाशी बसवलं सर. अंधश्रद्धा पसरवतात त्या." हर्षाने काय सांगितलं होतं ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरी बोलताना जीभ अडखळली नाही. हेडमास्तरांनी हर्षाला विचारलंही नाही. "लोकांच्या तक्रारी नकोत," म्हणाले, आणि आठवीचं विज्ञान ज्योत्स्नाला मिळालं.

हर्षाने प्रयोगाच्या सामानाच्या कपाटाची किल्ली आणून दिली. "भिंग पोरींच्या हातात देत जा," एवढंच म्हणाली. त्या महिन्याअखेर तिने नोकरी सोडली आणि सासऱ्यांच्या दुकानावरच्या माडीवर शिकवणी सुरू केली.

ज्योत्स्नाच्या तासाला पोरी निमूट बसायच्या, सांगेल ते उतरवून घ्यायच्या. शंका कुणी विचारत नसे. शाळा सुटल्यावर ती मुद्दाम पेठेतून घरी जायची. झुंबरलालच्या जिन्याखाली चपलांचा ढीग असायचा. वैष्णवीची निळ्या पट्ट्याची चप्पल त्यात आहे का, हे बघितल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे.