एका मतासाठी जीप

ये गं पोरी, मी आष्ट्याहून तुझ्याकडं आलेय तोवर जवळ बस. एका मतानं काय होतंय म्हणून परवा लोकसभेला घरीच बसलीस? शोभतं का तुला?

आमच्या आष्ट्याची कासारीण बघ. बांगड्या भरताना तोंड थांबत नाही तिचं, पण टोपली उचलायला कुणाचा हात घेत नाही. परवा मतदानाला लंगडत निघाली, तर वाटेत पुढाऱ्याची जीप थांबली. आत आम्ही बायका होतोच.

"बस मावशे. शिक्का मातर आमच्याच चिन्हावर मारायचा."

"मग न्हाई बसत. मत माझं हाय."

"तुज्या एका मतानं काय हुतंय?"

"आन् त्या एकासाठी जीप थांबवलीस व्हय रं?"

आम्ही साऱ्या हसत खाली उतरलो आणि भर उन्हात तिच्याबरोबर चालत गेलो. ऊर भरून आला बघ! अशा बाईला भेटायला तरी आष्ट्याला लवकर ये.