बोटं कोणी कापली

"तुझा बाप भेंडी आहे का?" सरांनी विचारलं आणि अख्खा वर्ग हसला.

माणिकपूरला, दुकानांच्या वरच्या मजल्यावर तो इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास होता. मी बारावी झालेली, चांदीप गावाहून बसने यायचे. दुकानात काउंटरवर उभं राहायचं तरी इंग्रजी लागतं, असं जाईन तिथे लोक ऐकवत होते.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर शब्द लिहिले. कट, चॉप, स्लाइस, ट्रिम. सगळ्यांचा अर्थ कापणं, पण जागा वेगवेगळ्या. पावाला स्लाइस. केसांना ट्रिम. भाजीला चॉप. एकेकाने उठून आपल्या घरातलं वाक्य करायचं. कुणाच्या घरी केक कापला, कुणाच्या बाल्कनीतली रोपं छाटली. माझ्या घरात कापण्याची एकच गोष्ट घडली होती. मी उठले आणि बोलले, "मशीन चॉप माय फादर फिंगर."

मग ते भेंडीचं.

खरंच कापली का, असं मागून एकाने विचारलं. मी हो म्हटलं. तरी पुढच्या बाकावरची मुलगी तोंडावर रुमाल धरून हसतच होती. सर म्हणाले, इथे चॉप चालत नाही, कट म्हणायचं. आणि वाक्य माणसापासून सुरू करायचं, मशीनपासून नाही. त्यांनी वाक्य दिलं. "माय फादर कट हिज फिंगर्स." नीट येईपर्यंत माझ्याकडून म्हणवून घेतलं. आल्यावर टाळ्या वाजवल्या.

घरी मी तेच घोकत बसले. बाबा जेवत होते. डाव्या हाताने. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय. पोरगी इंग्रजी बोलते म्हणून ते खुशीत होते. अर्थ काय, असं त्यांनी विचारलं.

मी सांगितला. माझ्या बाबांनी स्वतःची बोटं कापली.

त्यांचा घास हातातच राहिला.

"मी कापली?"

मी वही मिटली.

"कंपनीवाले पन तेच बोलले," बाबा म्हणाले. "तुला कोनी शिकवलं?"

उरलेला भात त्यांनी तसाच ठेवला आणि उठून बाहेर गेले.

बाबा पत्रा कापायच्या मशीनवर होते. पातं वर उचललेलं असताना हात आत जाऊ नये म्हणून पुढे जाळी असते. जाळीमुळे माल कमी निघतो म्हणून सुपरवायझरने ती काढायला लावली. बाबा नको म्हणाले होते. नको असेल तर घरी जा, असं उत्तर मिळालं. बोटं गेल्यावर इस्पितळात कंपनीची माणसं आली आणि डॉक्टरला सांगून गेली, यानेच हात घातला. खाटेवर बाबा जागे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

सरांचं वाक्यही तसंच होतं. त्यात मशीन नव्हतं. जाळी नव्हती. सुपरवायझर नव्हता. नुसता माझा बाप आणि त्याची बोटं.

पुढच्या आठवड्यात नवी पोरं आपल्या आईबापांना घेऊन क्लास बघायला आली. सरांनी मला पुढे बोलावलं. ही आली तेव्हा कशी बोलायची आणि आता बघा, असं त्यांना दाखवायचं होतं. ते वाक्य म्हण, म्हणाले.

मी म्हटलं, "सर, ते वाक्य खोटं आहे."

"ग्रामर बरोबर आहे," सर म्हणाले.

"ग्रामर बरोबर असंल. माझ्या बापाने बोटं नाही कापली. सुपरवायझरने जाळी काढायला लावली, मशीनने बोटं कापली. ते वाक्य मी बोलनार नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनेही कुणी बोललं नाही. सरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी थांबले नाही, जिना उतरले. त्या क्लासचं सर्टिफिकेट मला मिळालं नाही.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकत राहिले. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून मी इंग्रजी बोलायला लागले की ते उठून जातात. मी थांबवत नाही.

इंग्रजी मी सोडलेली नाही. सोडणारही नाही. पण आता वाक्य करायला बसले की आधी बघते, हे कोणी केलं. ज्याने केलं त्याचं नाव वाक्यात आलंच पाहिजे. शब्द चुकला तरी चालेल. लोक हसले तरी चालेल.