कॉश्च्यूमशिवाय पाण्यात प्रवेश नाही

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिच्यापाशी नणंदांच्या सगळ्या कागाळ्या ओतते त्या मैत्रिणीलाही नाही. नऊ वर्षं झाली. आज सांगते आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नाही – माझं मन चांगलं दणकट आहे, दोन वेळा जेवण जातं, पाठ टेकली की झोप लागते. आणि आधीच एक अट घालते. ‘अगं, तुझ्या जागी दुसरं कुणीही असतं तरी’ – हे वाक्य उच्चारायचं नाही. दुसरं कुणी नव्हतं. मी होते.

मी भिवंडीची. वडील शाळामास्तर, आजोबा कचेरीत कारकून. आमच्या घरात नियमाला देवाच्या खालोखाल मान. शेलार गाव मागे टाकून वज्रेश्वरीकडे निघालात की पुढे कुठेतरी एक वॉटर पार्क लागतं, तिथे मी कर्मचाऱ्यांच्या शिकवणीची प्रमुख आहे. पार्कचं नाव सांगणार नाही. चूक पार्कची नाही, माझी आहे, उगाच कुणाच्या पदराला का पुसू?

पार्क उघडलं तेव्हा वरून एक जाडजूड इंग्रजी बाड आलं होतं. पाहुण्यांनी कसं वागायचं, कर्मचाऱ्यांनी कसं वागायचं – दोघांची आचारसंहिता. कुणी उघडूनही बघत नव्हतं. मी ती मराठीत आणली आणि शाळेतल्या प्रतिज्ञेसारखी बसवली. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी सगळे रांगेत उभे, उजवा हात समोर, आणि एका सुरात – मी पाहुण्याशी नम्रपणे बोलेन. पाहुण्याच्या अंगाला हात लावणार नाही. नेमलेली जागा सोडणार नाही. कॉश्च्यूमशिवाय कुणालाही पाण्यात सोडणार नाही. पाड्यांवरच्या बाया, भिवंडीतल्या निजामपुऱ्यातले पॉवरलूमवाल्यांचे पोरगे, सगळे म्हणायचे. नवे पाहुणे फाटकाबाहेरून ऐकून हसायचे. हसू देत. मला त्या प्रतिज्ञेचा अभिमान होता, अजून आहे.

कॉश्च्यूमचा नियम काय, तेवढं समजून घ्या, कारण सगळं त्यावरच उभं आहे. पाण्यात नायलॉनचेच कपडे. साडी नाही, सलवार नाही, ओढणी नाही. सुती कापड पाणी पितं, जड होतं, पायात येतं. लोकांना वाटतं कंपनीला कॉश्च्यूम भाड्याने द्यायचेत म्हणून हा नियम. तसं नाही. तो जिवासाठीच आहे.

हा नियम पाळणारी जानकी. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, तिशीतली, तानसा नदीत डुंबत वाढलेली. सातवीपर्यंत शिकलेली. बायकांच्या कॉश्च्यूम खिडकीवर तिची ड्युटी – कॉश्च्यूम द्यायचा आणि पाण्याकडे जाणाऱ्या दारावर लक्ष ठेवायचं. माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. एकदा मोठ्या साहेबांच्या मेहुणीला तिने ओढणीसकट परत पाठवलं. मेहुणी थयथयाट करत ऑफिसात आली, तर मी दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञेच्या वेळी सगळ्यांसमोर जानकीसाठी टाळ्या वाजवल्या. जानकी लाजली नाही, हसली नाही. तिला वाटलं, त्यात काय एवढं? नियम आहे तर आहे.

मुद्द्यावर ये, असं म्हणताय ना? येते. घाई मलाही आहे आणि नाहीही.

माझी एक आत्या आहे, वडिलांची थोरली बहीण. आमच्या आळीतल्या भजनी मंडळाची पुढारी. वडील गेल्यावर घरात तिचा शब्द शेवटचा. त्या मे महिन्यात मंडळाची सहल वज्रेश्वरीला गेली. देवीचं दर्शन झालं, गरम पाण्याच्या कुंडात स्नानं झाली, आणि परतताना आत्याच्या मनात आलं – भाची एवढी मोठी साहेबीण, तिचं पार्क बघून जाऊ. चौदा बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या, ओल्या केसांनी माझ्या ऑफिससमोर उभ्या. मला किती आनंद झाला सांगू? मी त्यांना स्वतः आत नेलं.

खिडकीवर जानकीने कॉश्च्यूम पुढे केले. आत्याने आपला दोन बोटांत धरला, मेलेली पाल धरावी तसा. “ह्या वयात पोटऱ्या उघड्या टाकून फिरू होय गं? आत्ताच देवीच्या कुंडात साडीने उतरून आलो. देवीला चालतं, आणि तुझ्या पार्काला चालत नाही?”

यावर उत्तर होतं. कुंडातलं पाणी स्थिर असतं, त्याला लाटा नसतात. हे मी रोज नव्या पोरींना शिकवत होते. त्या क्षणी मी ते आत्याला सांगितलं नाही. का? तेरा बायका बघत होत्या म्हणून. भाचीचं वजन किती आहे ते मला दाखवायचं होतं म्हणून. त्याच दिवशी सकाळी निजामपुऱ्याहून आलेल्या एका बाईला मी सलवार-कमीजमध्ये पाण्यात जाऊ दिलं नव्हतं. ‘रूल सबके लिए एक है’ – असं मीच, माझ्या तोंडाने, गोड आवाजात सांगितलं होतं. कॉश्च्यूम तिला घालायचा नव्हता. ती बिचारी दिवसभर बाकावर घरच्यांच्या चपला सांभाळत बसली.

जानकी दारात आडवी उभी राहिली. “मॅडम, साडीत न्हाय सोडायचा. तुमीच शिकवलाय.”

“माझी माणसं आहेत,” मी म्हटलं. “बाजूला हो.”

ती बाजूला झाली. लगेच नाही. माझ्याकडे बघत राहिली, मग झाली. हे लक्षात ठेवा – दार मी उघडलं.

लाटांच्या तलावात बायका कमरेएवढ्या पाण्यात गेल्या, एकमेकींवर पाणी उडवलं, कुणीतरी गौळणही धरली. मग भोंगा वाजला आणि लाटा सुरू झाल्या. जीवरक्षक पलीकडच्या खोल टोकाला होता. पहिल्या लाटेला किंकाळ्या, हसणं. दुसऱ्या लाटेला आत्याची साडी फुगून वर आली, मग ओली होऊन पायांत उतरली, आणि आत्या बसली. नुसती खाली बसली. कमरेएवढ्या पाण्यात माणूस बुडतं का? बुडतं. मी काठावर उभी होते, नवी चप्पल घातलेली, आणि मला वाटलं ती मजा करते आहे.

जानकीला तसं वाटलं नाही. ती आपली खिडकी सोडून आमच्या मागोमाग आली होती, मला न विचारता. तिने सरळ उडी घेतली. दोनदा आत्याला उचलायला गेली, दोन्ही वेळा साडीने आत्याला परत खाली ओढलं. तेव्हा तिने आत्याच्या कमरेला हात घातला, निऱ्या उपसल्या, सगळी साडी फेडून पाण्यात सोडून दिली आणि आत्याला काखेत धरून काठाला आणलं. जीवरक्षक पोहोचला तेव्हा आत्या पाणी ओकत होती. परकर-पोलक्यात. अख्खं पार्क बघत होतं. जानकीने आपला गणवेशाचा कोट काढून तिच्या अंगावर टाकला.

श्वास आल्यावर आत्याने पहिली गोष्ट काय केली असेल? जानकीच्या थोबाडीत मारली. “चारचौघांत माझी साडी फेडतेस?”

आमच्या आचारसंहितेत पाहुण्यांसाठीही कलम आहे. कर्मचाऱ्यावर हात उचलणाऱ्या पाहुण्याला ताबडतोब पार्कबाहेर काढायचं, कितीही मोठा असो. ते कलम मी मराठीत लिहिलं आहे. मी आत्याला ऑफिसात नेलं, पंखा लावला, चहा पाजला, आणि माझी साडी नेसवून घरी पाठवलं.

भजनी मंडळाने जायच्या आधी तक्रार लिहिली – असभ्य वर्तन, वस्त्राला हात. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे संध्याकाळपर्यंत अहवाल मागितला. साधा प्रश्न होता: कॉश्च्यूमशिवाय ह्या बायका पाण्यात गेल्याच कशा?

आता ऐका. मी लिहिलं – कर्मचारी जानकी हिने पाहुण्यांना कॉश्च्यूमशिवाय पाण्यात सोडले. त्यानंतर नेमलेली जागा सोडली. पाहुण्यांच्या अंगास हात लावून वस्त्र ओढले. तीन नियम, तीन भंग, खाली माझी सही. अक्षर सुरेख आहे माझं, वडिलांनी गिरवून घेतलेलं. पुढची दोन वाक्यं खरी होती, म्हणून पहिलं खोटं अगदी बेमालूम बसलं. शंभर टक्के खोटं पकडलं जातं. मी तेवढी मूर्ख नव्हते.

जानकीला बोलावून कागद पुढे सरकवला. मला वाटलं ती नुसती सही करेल. तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला, मोठ्याने. मग म्हणाली, “ह्या असा न्हाय झाला.” एवढंच. रडली नाही, हातापाया पडली नाही. मी सांगितलं, सही कर, तुला किचनला बदली देते. ती म्हणाली, खोट्यावर सही करायला आमच्यात शिकवत नाहीत. सही न करणं हाही गैरवर्तणुकीचा प्रकार आहे – मी तेही खाली जोडलं. दोन दिवसांनी तिने गणवेश धुऊन, घडी घालून पाठवून दिला. तो कोटही.

आता तुम्ही म्हणाल, नियम कसे निर्दयी असतात बघा, जीव वाचवणाऱ्या बाईला नियमाने घालवलं. हे मला ऐकवू नका. माझा संताप होतो अशाने. नियम बरोबर होता. नियम पाळला असता तर कुणी बुडालं नसतं, कुणाची साडी फिटली नसती, जानकी आजही त्या खिडकीवर असती. नियमाने काहीही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं, आणि मग नियमाच्या आडून केलं. आमच्यासारखी सुशिक्षित माणसं असंच करतात – हाताने गळा दाबतील आणि बोट पुस्तकाकडे दाखवतील.

आमच्या घरात ही गोष्ट वेगळी सांगतात. आत्या देवीच्या कृपेने वाचली. आत्या दर वर्षी वज्रेश्वरीची खणानारळाने ओटी भरते. दार कुणी उघडलं हे तिला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे की तिला ठाऊक आहे. नऊ वर्षांत आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललेलो नाही, आणि त्या बाबतीत आमचं फार छान जमतं.

इथे थांबता आलं असतं. एक खोटा अहवाल – होतं असं, म्हणाला असतात. पण खरी गोष्ट पुढे आहे. दर मोसमाला नव्या कर्मचाऱ्यांची शिकवणी असते. नुसते नियम सांगून कुणी ऐकत नाही, उदाहरण लागतं. माझ्याकडे उदाहरण होतं. ‘आपल्याकडे जानकी नावाची एक बाई होती. वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरची. तिने एकदा चौदा बायकांना साडीत आत सोडलं –’ मी ते फार रंगवून सांगते. लाट येते तिथे आवाज खाली नेते. पोरी श्वास रोखून ऐकतात. नऊ मोसम. कुणी मला सांगितलं नव्हतं हे सांग म्हणून. ते परिणामकारक होतं, बस्स. पहिली दोन-तीन वर्षं तिच्या नावापाशी मी अडखळायचे. मग ते अडखळणं बंद झालं. आता सांगताना माझ्या डोळ्यांसमोर खरोखर जानकीच दार उघडते.

या मे महिन्यात आत्याला ओटी भरायला वज्रेश्वरीला घेऊन गेले. एक्याऐंशीची झाली, पण ठणठणीत. पायऱ्यांच्या खाली करवंदं विकणाऱ्या बाया बसल्या होत्या. आत्या एकीसमोर वाकली, अजून चार टाक गं, पानाचा द्रोण भरू दे नीट, असं हुज्जत घालत राहिली. तिने जानकीला ओळखलं नाही. जानकीने आम्हा दोघींना ओळखलं. केस पिकले होते, बाकी तीच. तिने द्रोण वरपर्यंत भरला, आत्याच्या हातात दिला, आणि मग माझ्याकडे वर बघितलं.

“अजून माजा नाव घेऊन शिकवता का पोरींना?”

तुम्हाला वाटेल मी तिथे कोसळले असेन. नाही. मी पटकन, हसत म्हटलं, “नाही गं! नाव कशाला घेईन तुझं?”

जानकी म्हणाली, “माजी भाची हाय यंदा तुमच्याकडं. परवाच्या शिकवणीला बसलेली.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तर हे असं आहे. साडीतल्या बायकांना मी आत सोडलं. जानकीने साडी फेडली म्हणून माझी आत्या आज करवंदं खाते आहे. पुढच्या शिकवणीत मी कुणाचं नाव घेणार, ते अजून ठरलेलं नाही – आणि ठरवलं आहे असं सांगून तुमची शाबासकी मी खिशात घालणार नाही.