गोड पाण्याचे डाग

मित्रहो, आज सकाळी पाचवीतल्या नातीला, मुक्ताला, जालन्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तिच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. "मिसरी लावती का गं?" म्हणून वर्गातल्या पोरी चिडवतात. आम्ही शाळेत हात मागं बांधून, छाती पुढं काढून कविता म्हणायचो. ही तोंडावर हात धरून म्हणते.

डॉक्टर म्हणाले, "घासून जाणार नाहीत. बोअरचं पाणी पिता ना? त्यात फ्लोराइड जास्त असणार, त्यानेच हे डाग पडतात."

त्याच बोअरला गाव कौतुकानं गोड पाणी म्हणतं. दुसरं पाणी गावात न्हाई.

घरी येताच मुक्तानं ब्रशवर दुप्पट पेस्ट घेतली. खसाखसा दात घासून त्याच पाण्यानं चूळ भरली, मंग ग्लासभर प्यायली.

"आबा, गोडच तर लागतंय."